बाळाचा सीबीसी मोठ्यांच्या मापाने वाचू नका

कुडाळच्या आमच्या लॅबमध्ये सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट बघून सगळ्यात जास्त कोण घाबरत असेल, तर बाळंतिणीची सासू. पांढऱ्या पेशी २२,०००, पुढे ठळक अक्षरात 'एच' (हाय, म्हणजे जास्त), आणि लगेच खिडकीशी प्रश्न: "बाये, माझ्या नातवाक काय झाला गो?"

बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. आधी शेजारचा रकाना बघा. तिथे ४,००० ते ११,००० छापलं असेल, तर ते माप मोठ्या माणसाचं. जन्मावेळी ९,००० ते ३०,००० पेशी असू शकतात.

मग 'एनआरबीसी' शोधा. या केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी. नाळेच्या, म्हणजे बाळाच्याच, रक्तात त्या असतातच आणि काही मशीन त्यांना पांढऱ्यांत धरतात. म्हणून आम्ही काचपट्टीवर बघून आकडा दुरुस्त करतो: २४,००० आले आणि शंभर पांढऱ्यांमागे वीस एनआरबीसी दिसल्या, तर खरा आकडा २०,०००. रिपोर्टवर 'करेक्टेड' लिहिलेलं असेल तर तोच धरा.

लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेत म्हणून तर कुणी काळजीच करू नये. जन्मावेळी न्यूट्रोफिल हा जंतू गिळणारा प्रकार जास्त असतो, आठवड्याभरात लिम्फोसाइट पुढे जातात आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुढेच राहतात.

घाबरायचं ते कमी आकड्याला. ५,०००च्या खाली पेशी गेल्या, तर डॉक्टर जंतुसंसर्गाचा संशय घेतात. बाळाचे न्यूट्रोफिल संख्येने भरपूर, पण जंतूंपर्यंत पोचायला मंद, आणि अस्थिमज्जेतला त्यांचा साठा लवकर संपतो. असा रिपोर्ट घेऊन घरी जायचं नाही, थेट बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

आता सीबीसीत न दिसणारी गोष्ट, आणि माझ्या मते हीच महत्त्वाची. तुमच्या-माझ्या टी पेशींपैकी (हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार) साधारण निम्म्या कुठल्या ना कुठल्या जंतूशी लढून आलेल्या, त्याची आठवण ठेवणाऱ्या असतात. नाळेच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या कोऱ्या. शिवाय प्रतिकार आवरून धरणाऱ्या टी पेशी तिथे जोरात असतात, कारण पोटात असताना आईच्याच पेशींवर तुटून पडून चालणार नसतं. एनके, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या पेशी भरपूर, पण मारक्षमता कमी. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी मुख्यतः त्यांचा आयजीएम हा एकच प्रकार बनवतात, आणि न्यूमोकोकससारख्या साखरेचं कवच असलेल्या जंतूंपुढे दोनेक वर्षं कमी पडतात. म्हणून न्यूमोकोकसवरच्या पीसीव्ही लशीत ती साखर प्रथिनाला जोडलेली असते. ती सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्यात मिळते. तारीख चुकवू नका.

(याच कोरेपणामुळे नाळेचं रक्त, त्यातल्या मूळ पेशींसाठी, दुसऱ्या रुग्णाला देताना जुळणी थोडी कमी असली तरी निभावतं. असं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसला झालं. पण तुमच्याच बाळासाठी ते खाजगी बँकेत ठेवा म्हणणारा एजंट वॉर्डात आला, तर आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, त्याची शिफारस करत नाही एवढं त्याला ऐकवा.)

स्वतःचा प्रतिकार तयार होईपर्यंत बाळाचं भागतं ते आईच्या आयजीजी या प्रतिपिंडावर. ते वारेतून, मुख्यतः शेवटच्या महिन्यांत उतरतं, म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्याला कमी मिळतं. आयजीए हे दुसरं प्रतिपिंड वारेतून येत नाही, ते चिकातून मिळतं. पहिलं दूध पिळून टाकायला सांगणाऱ्या आजीला हे नक्की सांगा. मध-घुट्टीही नको.

श्रावणातलं बाळ असेल तर खरी परीक्षा गणपतीत. मुंबईहून चाकरमानी येणार, घर भरणार, आणि बाळ या हातातून त्या हातात जाणार. सर्दी-खोकला असलेल्याने लांबूनच बघावं, मग तो सख्खा काका असला तरी. ओठावर फोड असलेल्याने तर पापी घ्यायचीच नाही. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत. रुसले तर रुसोत.

बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गारही पडतं. काखेत ३७.५ अंश किंवा वर, ३५.५च्या खाली, दूध सोडलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं: यातलं एकही दिसलं, तर आरतीसाठी थांबू नका.

आणि नमुना देताना फॉर्मवर नुसतं 'बेबी' लिहू नका. जन्मतारीख आणि वेळ लिहा, म्हणजे आम्ही बाळाचंच माप लावू.