नव्याने जोडलेल्या संगणकाला बूट ड्राइव्ह सापडत नसेल तर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला, पंखे फिरले, स्क्रीन उजळली आणि तिच्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ (म्हणजे बूट होण्यासाठी, सुरू होण्यासाठी, योग्य ड्राइव्ह निवडा) अशी ओळ आली, तर एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारा ड्राइव्ह, खराब निघाली असे समजून लगेच दुकान गाठू नये. एसएसडी नवी कोरी असेल, तर तिच्यावर अजून विंडोज घातलेले नसते आणि ही ओळ येणारच. पाहायचे एवढेच, की बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, ती दिसते का. त्यासाठी संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबत राहून बायोसमध्ये जावे आणि स्टोरेजच्या यादीत तिचे नाव शोधावे. बूट ऑर्डरच्या (कोणत्या ड्राइव्हवरून आधी सुरू व्हायचे त्या क्रमाच्या) यादीवरून निष्कर्ष काढू नये, कारण ज्या ड्राइव्हवर बूट होण्याजोगे काहीच नाही, तो अनेक मदरबोर्ड तिथे दाखवतच नाहीत.

स्टोरेजच्या यादीतही नाव नसेल, तर दोष बहुधा जोडणीत असतो. संगणक बंद करून पिन सॉकेटमधून काढावी आणि मगच कॅबिनेट उघडावे. एम.२ एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी, स्लॉटमध्ये तिरकी शिरते. ती पूर्ण आत सरकवून मोकळे टोक खाली दाबायचे आणि स्क्रू लावायचा असतो. दाबल्यावर ती मधोमध वाकलेली दिसली, तर स्क्रूखालचा छोटा धातूचा खांब चुकीच्या भोकात आहे किंवा लावायचाच राहिला आहे. एसएसडीच्या मापाचा आकडा २२८० असेल, तर त्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी, तेव्हा खांब ८० च्या खुणेवर हवा.

एवढे करूनही ती दिसली नाही, तर मदरबोर्डचे मॅन्युअल उघडावे. ते कोणी वाचत नाही, पण अशा वेळी उत्तर अनेकदा त्यातच असते. एसएसडीच्या पट्टीला दोन खाचा असतील, तर ती बहुधा साटा या जुन्या जोडणीची असते, आणि काही एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई ही नवी, वेगवान जोडणी चालवतात. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला, की एखादे साटा पोर्ट आपोआप बंद पडते. पैसे वाचवण्यासाठी बी५६० बोर्डावर इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर बसवला असेल, तर प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट चालतच नाही; तो अकराव्या पिढीसाठी आहे. एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवली, की काम होते. साटा ड्राइव्ह असेल, तर डेटाची आणि पॉवरची अशा दोन्ही केबल तपासाव्यात. मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, मात्र दुसऱ्या एसएमपीएसची केबल कधीही लावू नये. टोक बसते, पण पिनांची रचना वेगळी असल्यास ड्राइव्ह जळतो.

बायोसमध्ये नाव दिसते, पण विंडोज घालताना यादी रिकामी येते, हा प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे नेहमीचा आहे. त्यामागे व्हीएमडी ही ड्राइव्ह हाताळणारी बायोसमधली सेटिंग असते. रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून वापरणे) करायचे नसेल, तर ती बंद करावी. नाहीतर इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा. विंडोज घालून झाल्यावर ही सेटिंग बदलू नये, संगणक सुरू होताना अडकू शकतो.

उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपची ड्रॉइंगे असलेली जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट नव्या बोर्डाला जोडली आणि ती बूट होत नसेल, तर कारण बहुधा वेगळे असते. जुने विंडोज एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीच्या डिस्कवर असते आणि नवा बोर्ड यूईएफआय या नव्या बायोस-पद्धतीने जीपीटी या नव्या विभागणीची डिस्क शोधतो. बोर्डात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) असेल, तर ते चालू करून तात्पुरते भागते. नसेल, तर आधी ड्रॉइंगांचा बॅकअप घ्यावा आणि मगच विंडोज १० मधील एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदलावी. डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनातील ‘क्लीन’ ही आज्ञा अशा डिस्कवर अजिबात देऊ नये, सगळी विभागणीच पुसली जाते.

विंडोज नव्याने घालताना एकच ड्राइव्ह जोडलेला ठेवावा. दोन असतील, तर बूट फाइली कधी कधी दुसऱ्यावर जाऊन बसतात आणि पुढे तो काढला, की पहिला सापडेनासा होतो. विंडोज घालून झाल्यावर बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणावे.

हे सारे करूनही एसएसडी कुठल्याच स्लॉटमध्ये दिसत नसेल, तर बिल घेऊन दुकानात जावे, पण एसएसडी एकटीच न नेता पूर्ण कॅबिनेट न्यावे. नाहीतर दुकानदार ती आपल्या बोर्डावर सुरळीत चालवून दाखवील, आणि दोष तुमच्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये असला तर पुन्हा एक खेप पडेल.