क्वेरीत टॅब नको, स्पेस द्या

एसक्यूएल (डेटाबेसला क्वेरी, म्हणजे प्रश्न, विचारायची भाषा) लिहिताना ओळ आत सरकवायला मी चार स्पेस देतो. टॅबला स्वतःची रुंदी नसते, ती ज्याच्या त्याच्या एडिटरवर ठरते. रावपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात हे मला महागात पडलं. सबक्वेरीच्या, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीच्या, ओळी दोन टॅबवर होत्या, त्यातला अट सांगणारा एकटा व्हेअर आठ स्पेसवर. माझ्याकडे टॅब चारचा, म्हणून सगळं एका रेषेत. सहकाऱ्याच्या टर्मिनलवर टॅब आठचा: ओळी सोळावर गेल्या, व्हेअर आठवरच राहिला. तो बाहेरच्या क्वेरीचा वाटून त्यांनी भलतीच अट बदलली. डेटाबेसला दोन्ही सारखेच, फसतो तो वाचणारा.

दुसरा त्रास पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला टर्मिनलवरून क्वेरी द्यायच्या प्रोग्राममध्ये. तिथे टॅब म्हणजे नाव पूर्ण करून मागणं. टॅबवाली क्वेरी पेस्ट केली की कधी कधी मध्येच टेबलांची यादी उघडते आणि क्वेरीचा विचका होतो. अशा वेळी क्वेरी फाईलमध्ये ठेवून बॅकस्लॅश आयने (\i) चालवा, किंवा पीएसक्यूएल डॅश एन (-n) लावून सुरू करा.

एडिटरमध्ये टॅबऐवजी स्पेस टाकण्याची सेटिंग एकदा चालू केली की बोटांची सवय बदलावी लागत नाही.

जुन्या फाईलींत मात्र सरसकट फाइंड-रिप्लेस नको! अवतरणातला टॅब हा डेटा असतो, तो बदलला तर तुलना चुकते. फक्त ओळींच्या सुरुवातीचे टॅब बदला, अनेक ओळींवर पसरलेली अवतरणं डोळ्यांनी तपासा, आणि हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या इतिहासातल्या वेगळ्या नोंदीत, टाका.