इस्लामच्या अभ्यासात स्त्रीवादी वाट धरताना

संशोधनासाठी कुरआनच्या स्त्रीवादी वाचनाकडे वळणाऱ्यांचा पाय बहुधा एकाच ठिकाणी घसरतो. कुरआन, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी), तफसीर (कुरआनवरची भाष्यं) आणि फिकह (धर्मशास्त्रीय कायदा) हे चार वेगळे थर आहेत. सगळ्यांची मोट बांधून ‘इस्लाम म्हणतो’ असं एकदा लिहिलंत, की आपण नेमकं कुणाला उत्तर देतोय हेच कळेनासं होतं.

हव्वेचंच, म्हणजे आदमच्या जोडीदाराचंच घ्या. ती बरगडीतून जन्मली हे कुरआनातच आहे, असं धरून कित्येक जण लिहितात. सूरा (अध्याय) निसाची पहिली आयत (वचन) उघडून बघा. एका जीवापासून निर्मिती आणि त्यातूनच त्याचा जोडीदार, एवढंच तिथे आहे. बरगडी नाही, हव्वेचं नावही नाही. बरगडी येते हदीसमधून, आणि या आयतीशी तिची सांगड घातली तफसीरकारांनी. स्त्रीवादी अभ्यासक रिफअत हसन यांचा या कथेवरचा युक्तिवाद याच फरकावर उभा आहे.

म्हणून प्रत्येक टिपणावर थर, सूरा-आयत किंवा हदीससंग्रह, रावी (हदीस सांगणारा) आणि भाष्यकाराचं मृत्युवर्ष लिहाच. एकच आयत तबरी (मृ. ९२३), जमख्शरी (मृ. ११४४), राजी (मृ. १२१०), कुर्तुबी (मृ. १२७३) अशी ओळीने वाचा, कोणता अर्थ कुणाकडे, केव्हा दिसतो ते उलगडत जातं. काम कंटाळवाणं आहे, हे खरं. पण डेटाबेसमध्ये शब्द टाकून सुट्या आयती वेचू नका. मागचापुढचा संदर्भ सुटतो आणि तोंडी परीक्षेत तिथेच पकडतात.

हदीस सरसकट नाकारायचा मोह तर फारच वाईट. बाईच्या हाती कारभार देणाऱ्यांचं भलं होत नाही, ही हदीस स्त्रीवादी अभ्यासक फातिमा मर्निसी यांनी रावीपासून तपासली: रावी अबू बकरा यांना ती ६५६ च्या उंटाच्या लढाईच्या संदर्भातच का आठवली, जिथे एका बाजूचं नेतृत्व पैगंबरांच्या पत्नी आयेशा करत होत्या? (हे पहिले खलिफा अबू बक्र नव्हेत; ही गल्लत फार होते.) अशी तपासणी परंपरेला परकी नाही. बाई, गाढव, कुत्रा समोरून गेल्यास नमाज मोडते, या म्हणण्याला आयेशांनी आपल्या अनुभवाने दिलेलं उत्तर बुखारीच्या हदीससंग्रहातच आहे. त्यांनी इतर सहाबांच्या (पैगंबरांच्या सोबत्यांच्या) केलेल्या दुरुस्त्या झरकशी (मृ. १३९२) यांनी एकत्र केल्या. हदीस टाकलीत तर हा आवाजही गेला.

अरबी कच्ची असली तरी खचू नका. एका आयतीपासून सुरुवात होते. विषय नोंदवण्याआधी मात्र अभ्यासक आयेशा हिदायतुल्लाह यांची अशा स्त्रीवादी वाचनावरची २०१४ ची टीका वाचा. समतेचा आपला आग्रह कुरआनवर लादला जातोय का, हा त्या टीकेतला प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही. आणि मार्गदर्शक आपल्या मताचा आहे म्हणून निवडू नका. मूळ पान समोर ठेवून ओळ न् ओळ वाचायला लावणारा निवडा.