न्यायाधीशांच्या आढाव्याची तयारी : टेक्सासमधील सिटी कौन्सिल सदस्यांसाठी

टेक्सासमधील बहुतेक शहरांत म्युनिसिपल कोर्टाच्या, म्हणजे वाहतुकीचे व इतर किरकोळ खटले चालवणाऱ्या शहराच्या न्यायालयाच्या, न्यायाधीशांची नेमणूक सिटी कौन्सिल करते आणि मुदत संपत आली की त्यांच्या कामाचा आढावाही तीच घेते. भारतात कनिष्ठ न्यायाधीशांवर राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते आणि महापालिकेचा त्याच्याशी संबंध येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातून येऊन इथे स्थायिक झालेल्या आणि शहराच्या कारभारात उतरलेल्या मंडळींना ही जबाबदारी सुरुवातीला बिचकवते. ही तयारी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे.

सर्वांत आधी तारीख पाहावी. राज्याच्या कायद्याप्रमाणे ही मुदत साधारणपणे २ वर्षांची असते आणि ती संपल्यानंतरच्या ९१व्या दिवसापर्यंत कौन्सिलने काहीच निर्णय घेतला नाही, तर तेच न्यायाधीश पुढच्या संपूर्ण मुदतीसाठी पदावर राहतात. म्हणजे केवळ चालढकल झाली तरी फेरनेमणूक होते. म्हणून तीन-चार महिने आधीच सिटी सेक्रेटरींकडून नेमणुकीचा ठराव, शहराच्या चार्टरमधील (शहराच्या कारभाराच्या मूळ नियमावलीतील) संबंधित कलम आणि न्यायाधीशांशी झालेला करार मागवून घ्यावा.

त्यानंतर मूल्यमापनाचा नमुना हातात घ्यावा आणि त्यात दंडवसुलीचा रकाना असेल तर तो काढून टाकावा. या मुद्द्यावर मी मुद्दाम रेंगाळतो आहे. मिसूरीतील फर्ग्युसन शहराविषयी अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशाच एका फेरनेमणुकीची हकीकत आहे. न्यायाधीश साक्ष नीट ऐकून घेत नाहीत, कागदपत्रे पाहत नाहीत, अशी लेखी हरकत एका कौन्सिल सदस्याने घेतली होती. शहराच्या व्यवस्थापकांनी न्यायाधीशांच्या उणिवा मान्य केल्या, पण दंडाच्या उत्पन्नात घट झालेली शहराला परवडणार नाही, असे सांगितले आणि न्यायाधीश कायम राहिले. सुमारे २१ हजार वस्तीच्या त्या शहरात २०१४च्या अखेरीस १६ हजारांहून अधिक लोकांच्या नावे अटक वॉरंट प्रलंबित होते. टेक्सासच्या ट्रान्स्पोर्टेशन कोडमध्ये तर स्पष्ट मनाईच आहे : वाहतुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांकडून किती पैसे गोळा झाले, यावरून न्यायाधीशांचे मूल्यमापन करता येत नाही. अंदाजपत्रकासाठी कोर्टाकडून अपेक्षित जमेचा आकडा घेता येतो, मात्र तो आकडा आढाव्याच्या फाइलमध्ये ठेवू नये.

फाइलमध्ये ठेवायचे ते असे. कोर्ट दर महिन्याला राज्याकडे जे विवरण पाठवते, त्याच्या मागील दोन वर्षांच्या प्रती घेऊन किती खटले दाखल झाले, किती निकाली निघाले आणि किती रेंगाळले हे पाहावे. न्यायाधीशांच्या सक्तीच्या वार्षिक प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे जोडावीत. नागरिकांच्या तक्रारींचे मात्र दोन गठ्ठे करावेत. ‘निकाल चुकीचा दिला’ ही तक्रार अपिलात जाते, कौन्सिलकडे नाही, आणि प्रलंबित खटल्याविषयी न्यायाधीशांना एक शब्दही विचारू नये. उद्धट बोलणे, उशिरा येणे, दुभाष्या न देणे या तक्रारी वर्तनाच्या आहेत. त्या आढाव्यात घ्याव्यात.

कागद वाचून झाले की, न कळवता दोन-तीन वेळा कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसावे, कारण कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात. एका कोर्टात मी पाहिले : हॉटेलातल्या कामाच्या गणवेशातच आलेल्या एका बाईंनी चार घड्या घातलेले वाहतुकीचे तिकीट पुढे केले आणि न्यायाधीशांनी दंड सांगण्याआधी घरात कमावणारे किती, भाडे किती, असे शांतपणे विचारून हप्ते बांधून दिले. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. हा दयेचा भाग नाही, हे ध्यानात ठेवावे. ४२५ डॉलरच्या वाहतूक दंडापायी ह्यूस्टनच्या एका गरीब माणसाला दिवसाला ५ डॉलर या हिशेबाने ८५ दिवस कैदेत ठेवण्याचा आदेश झाला होता. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्या दंडाचे असे तुरुंगवासात रूपांतर करता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली त्याच खटल्यात दिला. तेव्हा ऐपतीची चौकशी होते का, हप्त्यांचा किंवा समाजसेवेचा पर्याय न मागता सांगितला जातो का आणि दंड थकल्याबद्दल वॉरंट काढण्यापूर्वी सुनावणी ठेवली जाते का, हे तीन प्रश्न वहीत लिहूनच आत जावे.

बैठकीची तयारी सिटी अटर्नींसोबत करावी. विषयपत्रिकेवर नुसते ‘कर्मचारीविषयक बाब’ असे न लिहिता म्युनिसिपल कोर्टाच्या न्यायाधीशांचा आढावा व फेरनेमणूक, असे पदासह लिहावे. चर्चा बंद दाराआड करता येते, परंतु न्यायाधीशांनी जाहीर सुनावणी मागितली तर ती जाहीरच घ्यावी लागते. म्हणून त्यांना आगाऊ लेखी कळवावे आणि आपला नमुना व टिपणे त्यांच्या हाती देऊन उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा. मतदान कोणत्याही परिस्थितीत खुल्या बैठकीतच व्हावे लागते. बंद खोलीत हात वर करून ‘अंदाज घेणे’सुद्धा टाळावे. ठराव मंजूर झाला की त्यात नव्या मुदतीची सुरुवात आणि शेवट या दोन्ही तारखा नोंदवून घ्याव्यात, आणि मुदतीच्या शेवटच्या तारखेपुढचा ९१वा दिवस सिटी सेक्रेटरींच्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी लिहून ठेवावा.