मेटचा पेपर निघतो हो, पण धुक्याचं काय?

पायलटच्या लायसन्ससाठी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मेटचा, म्हणजे हवामानशास्त्राचा, पेपर ७० टक्क्यांना निघतो आणि क्वेश्चन बँक घोटली की निघतोच, मीही तसाच काढलाय, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. मेटार-टॅफ (विमानतळावरच्या आत्ताच्या हवेचा अहवाल आणि पुढचा अंदाज) वाचणं, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब), ढगांचे प्रकार हे सगळं तुम्हाला येत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. डोक्याला खरा ताप देतं ते धुकं.

गोंदिया-भंडारा पट्ट्यात तळी आणि भाताची शेतं इतकी की डिसेंबर-जानेवारीतही हवेत ओल असते. रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमीन भराभर गार होते आणि पहाटे मेटारमध्ये टेंपरेचर १४, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव-धुकं होऊ लागते) १३. हे दोन आकडे असे खेटून आले आणि वारा शून्य असला तर व्हिजिबिलिटी ५ किलोमीटर लिहिलीय, व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी बघून उडायला) तेवढीच लागते, चला निघू, असं करू नका. मेटार म्हणजे त्या घटकेचा हिशोब, पुढच्या तासाची हमी नाही. आणि सूर्य वर आला की धुकं पळेल हा दुसरा गोड समज. शेवटी पळतं, पण त्याआधी बऱ्याचदा वाढतं. ऊन लागलं की गवतावरचं दव उडायला लागतं, हवा जराशी ढवळली जाते आणि जमिनीला चिकटलेला दमट थर वर पसरतो. म्हणजे टेकऑफला बरं होतं आणि परत येताना फील्डच गायब, असं होऊ शकतं.

आता ज्यात मी अडकलो ते, आणि हे जरा लांबणार आहे. डुअल सॉर्टी (इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण) होती, सकाळी परत आलो, ओव्हरहेड, म्हणजे फील्डच्या बरोबर वर, होतो तेव्हा खाली रनवे मार्किंगसकट स्वच्छ दिसत होता, नंबरसुद्धा वाचता येत होते, मी निवांत. फायनलला (उतरण्यासाठी रनवेच्या सरळ रेषेत) वळलो आणि समोर नुसतं पांढरं. रनवे नाही, कडेची झाडं नाहीत. मला वाटलं लाइनअपच चुकलं. इन्स्ट्रक्टर सरांनी कंट्रोल घेतले, गो-अराउंड केलं (न उतरता परत वर चढलो), आणि वर आल्यावर रनवे परत तसाच दिसतोय! खाली उतरल्यावर (दुसरीकडे, अर्थात) सरांनी कागदावर गणित करून दाखवलं. धुक्याचा थर १०० फूट जाड आहे समजा. सरळ वरून बघता तेव्हा नजरेला १०० फूटच धुकं भेदायचं असतं, म्हणून दिसतं. पण ३ अंशांच्या ग्लाइड पाथवरून (उतरण्याच्या तिरक्या वाटेवरून) तोच थर तिरका कापायचा तर जवळजवळ १,९०० फूट धुक्यातून बघावं लागतं. १९ पट! थर तोच, धावपट्टी तीच, फक्त कोन बदलला. म्हणून ओव्हरहेड दिसला म्हणजे उतरता येईल असं धरूच नका, आणि फायनलला दिसेनासा झाला तर 'आत्ता दिसेल, आत्ता दिसेल' करत खाली खाली जाणं हा तर थेट मरायचा रस्ता आहे. घाबरवत नाहीये. तोच गो-अराउंड वेळेत मारला तर यात काहीच अवघड नाही, फक्त टाकीत इंधन हवं आणि अल्टरनेट (उतरायचं पर्यायी विमानतळ) त्याच धुक्याच्या पट्ट्यातलं नको.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये वळवाचा सीबी (गडगडाटी पावसाचा ढग) १५-२० किलोमीटर लांब असला तरी त्याचा गस्ट फ्रंट (ढगातून सुटलेल्या वाऱ्याचा झोत) तुमच्या फील्डवर पोचतो, पाऊस एक थेंब नाही आणि हेडविंडचा टेलविंड होतो, समोरचा वारा पाठीमागून येतो. क्षितिजावर धुळीची भिंत दिसली की सर्किट (रनवेभोवतीची फेरी) पूर्ण करायच्या भानगडीत न पडता टॉवरला विचारा. आणि डेन्सिटी अल्टिट्यूड (गरम, विरळ हवेमुळे विमानाला भासणारी उंची) स्वतः काढून बघा एकदा: नागपूरची उंची हजार फुटांच्या आसपास, तिथे स्टँडर्ड टेंपरेचर १३, बाहेर ४३, म्हणजे ३० अंश जास्त, दर अंशाला १२० फूट धरले तर ३,६०० फूट आणखी. विमानाला वाटतं आपण साडेचार हजारांवर आहोत, ट्रेनर विमान चढतच नाही राव.

माझं मत विचाराल तर 'जाऊन तर बघू' म्हणणाऱ्या सिनियरपेक्षा 'आज नाही' म्हणणारा चिडका इन्स्ट्रक्टर पकडा. उड्डाणाचे अवर्स हळू होतात, रूमचं भाडं वाढतं, घरून फोन येतात की अजून किती दिवस, सगळ्यांचं होतं ते. हिवाळ्याच्या बॅचमध्ये असाल तर पहाटेचे स्लॉट वाया जाणारच हे धरून दहानंतरचे मागा, आणि पहाटे ग्राउंडवर बसून दर अर्ध्या तासाचा मेटार वहीत उतरवा, शेजारी खिडकीतून प्रत्यक्ष काय दिसतंय तेही लिहा, पाण्याची टाकी दिसते का, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) हलतोय का. महिनाभरात टेंपरेचर-ड्यू पॉइंट बघूनच तुम्ही सांगाल की आज आठला उडता येणार की चहा प्यायचाय.