पंगतीच्या दिवशी घरातल्या कुत्र्याचे ताट

आहारतज्ज्ञ म्हणून सत्यनारायणाच्या किंवा बारशाच्या जेवणाचा बेत आखताना मी पाहुण्यांच्या मधुमेहाइतकाच घरातल्या कुत्र्याचाही विचार करते, कारण अशा दिवशी प्रत्येक जण त्याला प्रेमाने एकेक घास भरवत असतो. नैवेद्याच्या पानात कांदा-लसूण नसतो म्हणून ते कुत्र्याला चालेल, हा समज मात्र धोक्याचा आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात आणि किती बेदाणे घातक ठरतील हे आधी सांगता येत नाही. कांदा-लसूण शिजवला तरी त्यातील घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात, म्हणून रस्सा कालवलेला भातही नकोच. चॉकलेटचा केक आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेली शुगरफ्री मिठाई त्याच्यापासून दूर ठेवावी.

माझा उपाय साधा आहे: पाहुणे येण्यापूर्वी मीठ-मसाला न घालता शिजवलेला भात, उकडलेला लाल भोपळा आणि गाजराचे तुकडे एका डब्यात काढून ठेवावेत आणि ज्याला भरवायचे असेल त्याने, विशेषतः मुलांनी, त्यातलेच भरवावे. हा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या सुमारे १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. चुकून बेदाणे पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता, मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, पशुवैद्यांना लगेच फोन करावा आणि काय, किती व केव्हा खाल्ले ते सांगावे.