शहाबादी फरशी : चुनखडक ओळखायचा कसा

मी फरशीचं पॉलिश करतो. शहाबादी फरशी म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडचा चुनखडक. पारख करायला सुटा तुकडा घ्या. बसवलेल्या फरशीवर नको, डाग राहतो. आधी कड बघा : समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे थर दिसतील. खाणीत याच थरांवरून लाद्या सुटतात. मग सुरीने खरवडा. ओरखडा सहज उठतो, पांढरट भुकटी निघते. तिच्यावर व्हिनेगर टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे उठतात, कारण चुनखडकातल्या कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच चाचणीवर. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट व्हिनेगरला दाद देत नाही. त्यातले कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच खनिजाचे, पांढरे ठिपके मात्र फसफसतात, तिथे फसू नका. ओट्याचा कडप्पाही बहुधा चुनखडकच. लिंबूही व्हिनेगरसारखंच आंबट, म्हणून सांडलं की लगेच पुसा.